डावीकडची खुर्ची

त्याचा डावा कान गेला तेव्हा घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही. त्याच्या लक्षात आलं ते एवढंच, की हेडफोनची डावी बाजू मंद वाजते आहे.

तो चष्मेवाला. बाजाराच्या रस्त्यावर, औषधांचं दुकान आणि कुलपांचं दुकान यांच्या मधल्या फटीत त्याचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं, मागे पडद्याआड डोळे तपासायची खोली. तिला खिडकी नाही. एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आणि बाजूला भिंगांची पेटी. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड गोल चौकट चढवायची, तिच्या खाचेत एक भिंग सरकवायचं, ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, हे बरं की आधीचं बरं? माणसं या प्रश्नाला घाबरतात. उत्तर चुकलं तर जन्मभर चुकीचंच दिसेल असं त्यांना वाटतं. तो घाई करत नसे. पुन्हा तेच भिंग, पुन्हा दुसरं. अर्धं आयुष्य त्याने त्या अंधाऱ्या खोलीत हा एकच प्रश्न विचारण्यात घालवलं, आणि उरलेलं अर्धं घरी येऊन तोच प्रश्न स्वतःच्या कानांना विचारण्यात.

तो लहानाचा मोठा झाला तो पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. दिवसभर खालून ठोकल्याचा आवाज यायचा, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत. प्रेमाने बोलायचं झालं तरी ओरडूनच. लग्नानंतर बायकोने पहिली तक्रार केली ती ही, की तुम्ही इतकं हळू का बोलता? त्याने सांगितलं होतं, माझ्या वाट्याचं ओरडणं लहानपणीच संपलं. हा बहुधा त्याने केलेला एकमेव विनोद असावा. बायको तो अजून सांगते.

हेडफोन त्याने आधी शांततेसाठी घेतला. गाणं नंतर आलं. त्यानंतर दुसरा हेडफोन आला, कारण पहिल्यात व्हायोलिन टोचत होतं, आणि तिसरा आला, कारण दुसऱ्यात ते टोचेनासं झालं होतं. बैठकीच्या खोलीला लागून असलेली गॅलरी काचा लावून त्याने बंद केली. भिंतीवर लाकडी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांवर एकेक हेडफोन उलट्या वटवाघळासारखा लटकत असे. बाजारातून आणलेला हेडफोन त्याने तसाच कधी ठेवला नाही. कानावर बसणाऱ्या गाद्या उसवून आतला स्पंज बदलायचा. कान झाकणाऱ्या वाटीच्या पाठीमागे जाड लोकरी फेल्टची चकती ठेवायची, ऐकायचं, कात्रीने नखाएवढी कापायची, पुन्हा ऐकायचं. जुनी तार काढून चांदीची वेणी घातलेली नवी तार जोडायची. सुताराकडून त्याने अक्रोडाच्या वाट्या कातून आणल्या होत्या आणि त्यांच्या गाद्या स्वतःच्या डोक्याच्या मापाने शिवल्या होत्या. मागे जाड, पुढे पातळ, डावीची वेगळी, उजवीची वेगळी. त्या हेडफोनला घरात ‘थोरला’ म्हणत. हे नाव मुलीने ठेवलं होतं. आपल्याला एकच भाऊ आहे आणि तो खुंटीला असतो, असं ती मैत्रिणींना सांगायची.

मेहुण्याने त्याचं नाव कानसेन पाडलं. गाणं येत नाही पण ऐकता येतं, तो कानसेन. सासरच्या माणसांत हे नाव इतकं रुळलं की त्याचं खरं नाव आमंत्रणावर दिसलं तर लोक थबकत.

ऐकत बसला की त्याला हाक ऐकू येत नसे. सुरुवातीला बायको चिडायची, गॅलरीत येऊन खांदा हलवायची. तो दचकायचा. मग तिने एक युक्ती काढली. गॅलरीच्या दिव्याचं बटण बाहेरच्या खोलीत होतं. एकदा दिवा घालवून लावला म्हणजे जेवायला चला, दोनदा म्हणजे कुणीतरी आलं आहे. पुढे पुढे तो गॅलरीबाहेर असला, पेपर वाचत असला, तरी हाक मारायच्या ऐवजी तिचा हात बटणाकडेच जाई. मुलीला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या घरी वडिलांना असंच बोलावतात. त्या घरात त्याचं ऐकू न येणं कित्येक वर्षं जुनं होतं. त्याची सोय झालेली होती. म्हणून तो खरोखर बहिरा होऊ लागला तेव्हा घरात काही बदललं नाही.

झालं ते असं. सर्दी उतरत होती आणि कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं. आदल्या दिवशी त्याने थोरल्याच्या डाव्या वाटीत नव्या तारेला कथलाचा डाग दिला होता. सकाळी उठून त्याने नेहमीचं रेकॉर्डिंग लावलं. व्हायोलिन आणि पियानो, दोनच वाद्यं. पियानो डावीकडे. पहिला सूर निघायच्या आधी पियानोवाला सावरून बसतो आणि त्याची खुर्ची करकरते. बारीक, कोरडा आवाज. हा माणूस म्हातारा असावा असं चष्मेवाल्याचं मत होतं, तरुण माणूस खुर्चीत असा बसत नाही. नवा हेडफोन आला, नवी गादी लागली, की तो आधी ही खुर्ची शोधायचा. खुर्ची वाजली की पुढचं संगीत चांगलं असायचंच.

त्या सकाळी खुर्ची वाजली नाही. पियानो दूर गेला होता, शेजारच्या घरात कुणी वाजवावा तसा.

डाग कच्चा राहिला, तो म्हणाला. त्याने वाटी उघडली, डाग वितळवून पुन्हा दिला. फरक नाही. तार बदलून जुनी लावली. फरक नाही. फेल्टची चकती काढली, तेव्हा उजवीकडे व्हायोलिन कर्कश झालं आणि डावीकडे काहीच झालं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने ठरवलं, आतला पडदा गेला. मग दुसरा हेडफोन लावला. त्यातही डावी बाजू मंद. तिसऱ्यातही. इतके पडदे एकदम जात नाहीत हे त्याला कळत होतं. म्हणजे दोष अँप्लिफायरचा. अँप्लिफायर उघडून तो रोज दुकानातून आल्यावर एकेक भाग बदलत बसला. त्याला बारीक शिट्टीही ऐकू येत होती, न थांबणारी. ती त्याने अँप्लिफायरच्याच नावावर टाकली. अँप्लिफायर बंद केल्यावरही शिट्टी राहिली तेव्हा ती फ्रिजच्या नावावर टाकली.

त्याच दिवसांत दुकानात एक आजी आल्या. दोनच महिन्यांपूर्वी नेलेला चष्मा त्यांनी काउंटरवर आपटला. काच धूसर दिली म्हणाल्या, पुसून पुसून माझा रुमाल झिजला. त्याने चष्मा दिव्याखाली धरून पाहिला आणि मग आजींच्या डोळ्यांत पाहिलं. चष्मा चांगला आहे आजी, तो म्हणाला, मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरकडे जा. आजींना ते पटलं नाही. तुम्ही आपली काच बदलून द्या, डोळ्यांचं मी बघते, म्हणून गेल्या. घरी जेवताना त्याने ही गोष्ट सांगितली. बायको आणि मुलगी हसल्या. तोही हसला. मुलगी त्याच्या डाव्या हाताला बसली होती. तिने काहीतरी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं नाही. बाबा पुन्हा गेले खुंटीवर, ती आईला म्हणाली.

रविवारी दुपारी लिफ्टवाला आला. हा त्याचा एकुलता मित्र. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्यालाही हाच नाद. दोघांची पद्धत ठरलेली होती. एकाने डोळ्यांवर रुमाल बांधायचा, दुसऱ्याने एका मागून एक हेडफोन त्याच्या कानांवर धरायचे, आणि धरायचे ते हातांनी उचलून, म्हणजे वजनावरून ओळखू येऊ नये. आवाज सारखा ठेवायचा. रुमालवाल्याने फक्त एवढंच म्हणायचं, हे बरं किंवा आधीचं बरं. त्यात दोघांची भांडणं होत, अबोला होई, आणि पुढच्या रविवारी पुन्हा रुमाल निघे.

त्या रविवारी लिफ्टवाल्याने आपला अँप्लिफायर आणला होता. त्याने थोरला डोक्यावर घेतला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या आहेत. चष्मेवाला म्हणाला, तुझे कान लिफ्टच्या खड्ड्यात पडलेत. लिफ्टवाला हसला. मग त्याने अगदी साधी गोष्ट सांगितली, जी या नादातल्या कुणालाही पहिल्याच दिवशी कळते.

“उलटा घाल. डावा उजव्याला, उजवा डाव्याला. मंदपणा हेडफोनबरोबर फिरला तर दोष हेडफोनचा.”

“आणि नाही फिरला तर?”

लिफ्टवाल्याने थोरला डोक्यावरून काढून त्याच्यापुढे धरला.

“याच्या गाद्या मापाने शिवल्यात,” चष्मेवाला म्हणाला. “उलट्या बसत नाहीत, फट राहते. उलटा चष्मा घालून कधी नीट दिसतं का?”

“मग दुसरा घाल. तो तर दोन्हीकडून सारखा आहे.”

“त्याची तारच धड नाही.”

लिफ्टवाल्याने आपला अँप्लिफायर पिशवीत घातला. चपला घालताना तो म्हणाला, “अरे कानसेन, लिफ्ट अडकली की आम्ही मशीन नंतर उघडतो. आधी आत माणूस आहे का ते बघतो.”

हे बोलणं चष्मेवाल्याला लागलं. पुढच्या रविवारी त्याने लिफ्टवाल्याला यायला सांगितलं नाही. उजव्या कानाने त्याने ते नीट ऐकलं होतं, आणि ऐकून सोडूनही दिलं. यात त्याची हुशारी आड आली असं म्हणता येईल. ज्याला यंत्रातलं काही कळत नाही तो माणूस दोनच दिवसांत म्हणाला असता, माझा कान बिघडलाय का बघा हो. याला मात्र अजून तपासायला तार होती, प्लग होता, भिंतीतली वीज होती. प्रत्येक वस्तू त्याला एकेक दिवस उधार देत गेली.

मग एका संध्याकाळी वीज गेली. दिवेलागणीची वेळ. बाहेर ढगाळ होतं, घर एकदम काळं झालं. तो बैठकीच्या खोलीत उभा होता, डोक्यावर काही नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, त्याच्या डाव्या हाताला. तिने मेणबत्ती सापडल्याचं सांगितलं आणि काड्यापेटी द्यायला बोलावलं. तो निघाला आणि उजवीकडच्या कपाटावर आपटला.

“इकडे, अहो, इकडे.”

तो आणखी उजवीकडे गेला. हात पुढे करून भिंत चाचपू लागला. ती आधी हसली. तिला वाटलं गंमत करताहेत, पण त्याला गंमत करायची सवय नव्हती. ती पुन्हा म्हणाली, इकडे. त्याने मान वळवली, ती चुकीच्या बाजूला. एका कानाच्या माणसाला आवाज येतो, तो कुठून येतो ते कळत नाही. तिला हे माहीत नव्हतं. तिने अंधारात पाय घासत येऊन त्याच्या खिशातली काड्यापेटी काढली आणि काडी ओढली. उजेडात तिने आधी त्याचे कान पाहिले. कानांवर काही नव्हतं.

बटण दाबून बोलवायला वीज नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला नुसत्या आवाजाने बोलावलं होतं, आणि तो भिंतीकडे गेला होता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

तो म्हणाला, “अँप्लिफायर बिघडलाय.”

दुसऱ्या दिवशी ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई होत्या, वयाने त्याच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. तपासणीची खोली म्हणजे आतून स्पंज लावलेली पेटी. दार लावल्यावर त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. तपासनीस मुलीने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. त्याने पहिल्यांदा बटण दाबलं ते आवाज यायच्या आधीच. डाव्या गादीला चीर गेली आहे, पट्टा सैल झालाय, अशाने हवा गळते, तो म्हणाला. मुलीने मुकाट्याने दुसरा हेडफोन आणला. त्याचीही त्याने बोटांनी गादी दाबून पाहिली. मग पेटीच्या काचेतून त्याला बाहेर बसलेल्या त्या मुलीचा चेहरा दिसत राहिला. ती बटणं फिरवत होती आणि त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ ती नुसतीच बघत होती. त्याच्या हातातलं बटण गार पडलं होतं. आवाज चालू असणार हे त्याला तिच्या बोटांवरून कळत होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी खणातून लोखंडाचा एक दुबेळका चिमटा काढला. आपल्या गुडघ्यावर आपटून तो घुमवला आणि दांडा त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज कुठे येतो ते विचारलं. चिमट्याला तार नव्हती, गादी नव्हती, पडदा नव्हता. आवाज कपाळातून निघाला आणि सगळाच्या सगळा उजवीकडे कलंडला. त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

“उजवीकडे,” तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते बायकोने ऐकलं, त्याने तिच्याकडून पुन्हा ऐकलं. कानाची आतली नस अचानक बसते. का, ते पुष्कळदा कळत नाही. गोळ्या आहेत, कानात द्यायचं इंजेक्शन आहे, पण पहिल्या काही दिवसांत सुरू झालं तर उपयोग होण्याची आशा जास्त. तुम्ही इतके दिवस काय करत होता, असं त्यांनी रागावून विचारलं नाही. साधं विचारलं, कागदावर लिहायला. बायको म्हणाली, दुरुस्ती करत होते.

गोळ्या सुरू झाल्या. इंजेक्शन झालं. त्याला झोप येईना, तोंड सुजलं, चव गेली. घरात सगळ्यांच्या जागा बदलल्या. मुलगी जेवताना उजवीकडे बसू लागली. बायको रस्त्यावर त्याच्या उजव्या हाताला चालू लागली, म्हणजे गाड्यांच्या बाजूला. दुकानात त्याने भिंगांची पेटी उंच खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला हलवली, म्हणजे गिऱ्हाईक उजव्या कानाकडे येई. गिऱ्हाइकं कुजबुजत ‘हे बरं’ म्हणत, ते त्याला दोनदा विचारावं लागे. आजी ऑपरेशन करून आल्या आणि काच चांगलीच होती म्हणून कबूल करून गेल्या. त्याने त्यांना नवा नंबर काढून दिला. गॅलरीत तो गेला नाही. गोळ्या संपेपर्यंत कान तपासायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. कणीक भिजवून झाकून ठेवावी, तसं त्याने ते झाकून ठेवलं होतं.

गोळ्या संपल्या त्या आठवड्यात, सुट्टीच्या दुपारी, त्याने गॅलरीचं दार उघडलं. थोरल्यावर धूळ बसली होती. त्याने ती ब्रशने झाडली, गाद्या पुसल्या, अँप्लिफायर लावला आणि तो गरम होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला. बायको दारात उभी होती. त्याने थोरला डोक्यावर घेतला आणि रेकॉर्डिंग लावलं.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरुवातीला नेलं. पुन्हा लावलं. मग हेडफोन काढून तिच्यापुढे धरला.

“तू ऐक.”

इतक्या वर्षांत थोरला तिच्या डोक्यावर कधी चढला नव्हता. तिने मागितला नव्हता, त्याने दिला नव्हता. तिने केस मागे सारून तो घातला. तिच्या डोक्याला तो मोठा झाला. त्याने तो दोन्ही हातांनी नीट बसवला आणि रेकॉर्डिंग लावलं. पहिला सूर निघताच थांबवलं.

“सूर निघायच्या आधी, डावीकडे. खुर्ची वाजली का?”

“कुठली खुर्ची?” ती मोठ्याने म्हणाली, कानांवर काही असलं की माणसं बोलतात तशी. “मला नाही ऐकू आली.”

ती खरं बोलत होती. ती खुर्ची इतकी बारीक होती की ती तिथे आहे हे कळायला त्यालाही पूर्वी कित्येक महिने लागले होते. पण त्या क्षणी त्याला ते आठवलं नाही. त्याचा सुजलेला चेहरा उजळला. कित्येक दिवसांत तिने त्याला असा पाहिला नव्हता.

“तुलाही नाही ना आली? म्हणजे यातच आहे काहीतरी,” तो म्हणाला. “डाव्या वाटीतच. मी म्हणत होतो.” आणि त्याने खणातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला.

ती त्याला वाटी उघडू देऊ शकली असती. एखादा आठवडा तो खूश राहिला असता. आणखी एक तार, आणखी एक डाग. ती तिथे उभी राहून त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने त्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेऊन खणात टाकला. स्वतःच्या डोक्यावरचा थोरला काढला, फिरवला, आणि त्याच्या डोक्यावर उलटा चढवला.

त्याने हात वर केला. त्याला सांगायचं होतं की गाद्या अशा बसत नाहीत, फट राहते. तिने दोन्ही तळव्यांनी दोन्ही वाट्या त्याच्या कानांवर दाबून धरल्या, घट्ट, फट राहू नये इतक्या. मग कोपराने त्याला खुणावलं, लाव.

त्याने लावलं.

खुर्ची वाजली. उजव्या कानात, अगदी स्पष्ट, लाकडावर लाकूड सरकल्याचा तो कोरडा आवाज, कुणी म्हातारा माणूस त्याच्या शेजारी येऊन सावरून बसावा तसा. त्यामागून पियानो आला, तोही उजवीकडे, जवळ, पूर्ण. व्हायोलिन आता डावीकडे असायला हवं होतं. तिकडे कुणी नव्हतं.

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. तिने हात काढले नाहीत. थोड्या वेळाने तिचे ओठ हलले.

“वाजली?”

ते त्याने ओठांवरूनच ओळखलं, आणि मान हलवली.